तुमची व्हिसा फाईल कुठल्या पंगतीत बसलीये ते आधी शोधा

ऑस्ट्रेलियाच्या परमनंट व्हिसाची फाईल टाकून बसलेल्या माझ्या भाच्याचा मागच्या आठवड्यात मेसेज आला, त्याच्याकडे पुण्यात रात्रीचे साडेअकरा म्हणजे आमच्या अ‍ॅडलेडला पहाटेचे साडेतीन. "मामा, माझ्यानंतर दोन महिन्यांनी फाईल टाकलेल्या पोरीला व्हिसाची ग्रँट आली, माझं अजून रिसीव्ह्डच दाखवतंय, तिनी कोणाला पैसे चारले का?" पैसे बिसे काही नाही रे बाबा. ती नर्स आहे आणि तू सॉफ्टवेअरवाला आहेस, एवढंच झालंय. पण हे एवढंच नीट समजावून सांगायला मला तासभर लागला, आणि असे मेसेज मला महिन्याला दोन तीन तरी येतात, म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवतोय. पुढच्या वेळी लिंक पाठवीन आणि झोपीन.

आपल्या डोक्यात रांग म्हणजे रेशनची रांग. जो आधी आला तो आधी. व्हिसाची रांग तशी नसतेच, ती लग्नाच्या पंगतीसारखी असते. तुम्ही सकाळी नऊला येऊन बसलात तरी पहिली पंगत वरपक्षाची, मग बाहेरगावचे ज्यांना एसटी पकडायचीये ते, आणि आपण घरचे असलो तर तीन वाजता गार मसालेभातावर समाधान मानायचं. तुम्ही कधी आलात ते तुमच्या पंगतीच्या आत मोजतात, पंगत कुठली ते यजमान ठरवतो. इथे यजमान म्हणजे सरकार आणि त्याला आत्ता कोणाची गरज आहे तो वरपक्ष.

मी ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण घेऊन सांगतो कारण इथलं मी स्वतः भोगलंय, बाकी देशांचं शेवटी थोडं थोडं.

तर पहिलं काम, नियम काय आहे ते वाचायचं. ऑस्ट्रेलियाचा मायग्रेशन अ‍ॅक्ट १९५८ चा आहे, त्याच्या कलम ५१ मध्ये सरळ लिहिलंय की मंत्री अर्ज त्याला योग्य वाटेल त्या क्रमानी निकाली काढू शकतो, आणि तुमच्यानंतरचा अर्ज आधी निघाला एवढ्यावरून तुमच्या अर्जाला अवाजवी उशीर झाला असं धरता येत नाही. म्हणजे "तिचं आधी कसं झालं" या भांडणाला कायद्यातच जागा नाही, विषय संपला. आणि कलम ४९९ खाली मंत्री खात्याला लेखी आदेश काढतो की आधी हे घ्या मग ते घ्या, त्याला मिनिस्टेरियल डायरेक्शन म्हणतात, त्याला नंबर असतो, आणि तो नंबर माहीत असणं हे तुमच्या फाईलच्या नंबरापेक्षा महत्त्वाचं आहे.

हे आदेश बदलतात बरं का, आणि बदलले की आधीच टाकून ठेवलेल्या फाईलींनाही लागू होतात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कोविड चालू असताना त्यांनी एक प्रायॉरिटी लिस्ट काढली, सुरुवातीला १७ व्यवसाय होते, वाढत वाढत ४४ झाले. त्या यादीत असाल तर गाडी पळायची, नसाल तर बसा. मग २८ ऑक्टोबर २०२२ ला डायरेक्शन १०० आलं आणि ती यादीच बाद केली. नवीन क्रम असा लावला की आधी आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रातले लोक, मग अ‍ॅक्रेडिटेड स्पॉन्सर, म्हणजे सरकारनी खास मान्यता दिलेल्या कंपन्यांनी बोलावलेले, मग रीजनल भागात काम करणारे, मग बाकी परमनंट आणि प्रोव्हिजनल व्हिसावाले, आणि उरलेले सगळ्यात शेवटी. आणि मग डायरेक्शन १०५ आलं त्यात रीजनलवाले तिसऱ्यावरून एकदम पहिल्या पंगतीत, नर्स आणि मास्तर दुसरीत. विचार करा, फाईलमधला एक कागद बदलला नाही, तुम्ही काही चांगलं केलं नाही वाईट केलं नाही, तरी तुमची जागा एका सहीनी वरखाली झाली. म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणाला किती महिने लागले हे विचारण्यात अर्थ नसतो, तो वेगळ्या आदेशाखाली बसला होता. होम अफेअर्स, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याच्या साईटवर स्किल्ड व्हिसा प्रोसेसिंग प्रायॉरिटीजचं पान आहे, ते उघडायचं, आज कुठल्या नंबरचं डायरेक्शन चालू आहे ते बघायचं, आणि महिन्यातून एकदा परत बघायचं. ग्रुपवरचे फॉरवर्ड नाही, ते पान.

दुसरं काम, त्या क्रमात आपण कुठे बसतो ते प्रामाणिकपणे ठरवायचं. प्रामाणिकपणे म्हणतोय कारण लोक इथेच स्वतःला फसवतात. हॉस्पिटलच्या आयटी डिपार्टमेंटला काम करता म्हणून तुम्ही आरोग्य क्षेत्रातले होत नाही, तुमच्या अर्जात व्यवसायाचा जो कोड आहे तो बघतात. तीन प्रश्न विचारा. माझा व्यवसाय कुठल्या गटातला? मला कंपनी बोलावतीये का आणि ती अ‍ॅक्रेडिटेड आहे का? (हे एचआरला सरळ विचारा, लाजू नका, बऱ्याचदा त्यांनाच माहीत नसतं आणि मग ते शोधून सांगतात.) आणि मी जिथे काम करणार ती जागा रीजनल धरतात का? या तिसऱ्यात एक गंमत आहे जी आपल्याकडच्या लोकांना कळत नाही. रीजनल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मेंढ्या आणि लाल माती येते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून जवळपास सगळा देश रीजनल आहे, पर्थ, अ‍ॅडलेड, कॅनबरा, गोल्ड कोस्ट सगळं. आमच्या अ‍ॅडलेडला गणपतीत ढोल वाजतात, इंडियन दुकानात भाजणी मिळते, आणि व्हिसाच्या हिशोबात आम्ही खेडवळ. ऑफर निवडायची संधी असेल तर हे लक्षात ठेवा, मेलबर्नच्या मोहापायी लोक मागच्या पंगतीत जाऊन बसतात.

आता एक मोठा घोळ. लोक दोन वेगळ्या रांगांना एकच समजतात. १८९, १९० किंवा ४९१ नंबरचा, म्हणजे पॉइंट्सवर मिळणारा स्किल्ड व्हिसा असेल तर आधी सरकारच्या स्किलसिलेक्ट सिस्टीममध्ये ईओआय, म्हणजे मला यायचंय असं नुसतं इच्छापत्र टाकायचं असतं, ते व्हिसाचा अर्ज नाहीच, ती आमंत्रणाची रांग. तिथे पॉइंट्स चालतात, कमीत कमी ६५ लागतात पण ६५ वर १८९ ला बोलावणं येईल अशी आशा आयटीवाल्यांनी तरी ठेवू नये. पॉइंट्स सारखे असले तर ज्यानी तो स्कोर आधी गाठला तो आधी. स्कोर बदलला की तुमची तारीखही बदलते, हे माहीत नसतं लोकांना. आणि वय! २५ ते ३२ पर्यंत ३० पॉइंट्स, तेहतिसावा वाढदिवस झाला की सिस्टीम आपोआप ५ कापते, चाळीशीला १५ वर येतं, पंचेचाळिसाव्याला दार बंद. वय आमंत्रणाच्या दिवशी धरतात, त्यामुळे बोलावणं आल्यावर मग वाढदिवस आला तरी चालतो, केक कापा. बोलावणं आलं की ६० दिवसांत फाईल टाकायची. इथून पुढे मघाशी सांगितलेली पंगत सुरू होते, आणि इथे तुमचे पॉइंट्स ६५ होते का ९५ याला कोणी विचारत नाही.

त्या पलीकडे अजून एक भिंत, कोटा. ऑस्ट्रेलियाचं वर्ष १ जुलै ते ३० जून. २०२५-२६ साठी परमनंट जागा १,८५,००० ठेवल्यात, त्यातल्या १,३२,२०० स्किलच्या, आणि त्या परत व्हिसाच्या प्रकारांप्रमाणे वाटलेल्या. आपल्या प्रकारातल्या जागा संपत आल्या की फाईल अगदी तयार असली तरी टेबलावर पडून राहते आणि जुलै उजाडला की निघते. म्हणून मे जूनमध्ये शांतता असली तर घाबरू नका आणि अधिकाऱ्याला मेल करू नका, त्यालाही काही करता येत नाही.

कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर टेम्पररी येणाऱ्यांचं गणित वेगळं. ७ डिसेंबर २०२४ ला जुना ४८२ नंबरचा व्हिसा बदलून स्किल्स इन डिमांड व्हिसा आला, नंबर ४८२ च राहिला. त्यात वरच्या पगारवाल्यांची स्पेशालिस्ट स्ट्रीम आहे, सुरुवातीला १,३५,००० डॉलरच्या वर पगार लागायचा, जुलै २०२५ पासून १,४१,२१०, आणि दर जुलैला वाढतो. त्यासाठी सरकारनी सात दिवसांचं लक्ष्य सांगितलं, आणि बाकीच्या कोअर स्ट्रीमला २१ दिवसांचं. लक्ष्य आहे हां ते, गॅरंटी नाही. आणि सुतार, इलेक्ट्रिशियन, मशीन ऑपरेटर, ड्रायव्हर यांना कितीही पगार असला तरी त्या स्पेशालिस्टमध्ये घेत नाहीत. का, तर युनियन आणि राजकारण असं माझं मत, गवंड्याला दीड लाख डॉलर देणारा मालक त्याला उगाच बोलावतोय असं थोडीच आहे, पण असो.

आता जे तुमच्या हातात आहे त्याकडे येतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ याच्यात द्यायला पाहिजे. पंगत सरकार ठरवतं पण तुमचा नंबर आल्यावर पानावर सगळं वाढलेलं पाहिजे. अधिकाऱ्यानी फाईल उघडली आणि एक कागद नाही, की तो तुम्हाला कलम ५६ खाली मागणी पाठवतो, साधारण २८ दिवस देतो, फाईल बाजूला ठेवतो, आणि परत कधी हातात घेईल त्याचा नेम नाही. उघडली आणि तिथल्या तिथे ग्रँट, अशी फाईल हवी.

आपल्या मराठी लोकांच्या फाईली अडकतात त्या ठराविक ठिकाणी, मी इतक्या बघितल्यात की आता हसू येतं. एक म्हणजे नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आईचं वेगळं छापलेलं. पासपोर्टवर उलट. डिग्रीवर कधी वडिलांचं नाव गायब. बायकांचं तर लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, आणि काही घरांमध्ये लग्नात पहिलं नावही बदललेलं. परक्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात आणि त्याची काही चूक नाही त्यात. मॅरेज सर्टिफिकेट, राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत, नाहीतर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असं अ‍ॅफिडेव्हिट, आणि अर्जात जिथे इतर नावं विचारतात तिथे झाडून सगळी भरा.

दुसरं, नोकरीचा पुरावा. एचआर एका ओळीचं पत्र देतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्याचा उपयोग नाही, कामं काय केली ते त्यात पाहिजे. देत नसतील तर तुमच्या वरच्या माणसाचं शपथपत्र घ्या आणि त्याला जोड म्हणून फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, बँक स्टेटमेंट लावा. पीएफ पासबुकाला लोक विसरतात, पण तारखा सिद्ध करायला त्याच्यासारखं काही नाही.

तिसरं, नवरा किंवा बायको. मुख्य अर्जदार आयईएल्टीएस किंवा पीटीई या इंग्रजीच्या परीक्षांमध्ये घाम गाळतो आणि जोडीदाराचा फंक्शनल इंग्लिशचा, म्हणजे कामापुरतं इंग्रजी येतं याचा पुरावा जोडायचं राहून जातं. शिक्षण इंग्रजीतून झालं असेल तर कॉलेजकडून किंवा युनिव्हर्सिटीकडून तसं पत्र आणा, ते जमलं नाही आणि परीक्षाही दिली नाही तर ४,८९० डॉलर वेगळे भरावे लागतात. एका पत्रासाठी!

चौथं पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल. दोन्ही साधारण वर्षभर चालतात. भारतातलं पोलीस क्लिअरन्स (पीसीसी) पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, सोपं आहे, पण गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात मिळून बारा महिने राहिलात त्या प्रत्येकाचं लागतं, आणि घरातल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाचं. ऑनसाईट राहून आलेले लोक हे हमखास विसरतात. आता हे आधी काढायचं का नंतर? तुम्ही वरच्या पंगतीत असाल, नर्स, शिक्षक, रीजनल, अ‍ॅक्रेडिटेड, तर फाईल टाकतानाच सगळं लावा. खालच्या पंगतीत असाल तर मेडिकलची घाई करू नका असं मी सांगतो, कारण वर्षभरात नंबर आला नाही तर परत पैसे भरा आणि परत सुई टोचून घ्या. शिवाय बाहेरून येणाऱ्यांना देशात पहिल्यांदा पाऊल ठेवायची शेवटची तारीख बहुतेक वेळा याच कागदांच्या मुदतीवरून देतात, त्यामुळे शिळ्या मेडिकलवर ग्रँट आली की सहा आठवड्यांत विमान पकडायची पळापळ होते. पोलिसाचं मात्र परदेशातलं वेळ खातं, ते वेळेत सुरू करा.

आणि फाईल टाकल्यावर बाळ झालं, नोकरी बदलली, पासपोर्ट नवा आला, पत्ता बदलला, तर इमीअकाउंट या व्हिसाच्या ऑनलाईन खात्यातून लगेच कळवा. चुकून काही चुकीचं भरलं असेल तर त्याचा फॉर्म १०२३ आहे, तो भरून टाका. चूक कबूल करणाऱ्याचं फार काही बिघडत नाही, पण खोटं पत्र सापडलं तर पीआयसी ४०२० हा फसवणुकीचा नियम लागतो, तीन वर्षं बहुतेक व्हिसांना नकार. ओळखीत खोटेपणा असेल तर दहा. पॉइंटसाठी मित्राच्या कंपनीचं बनावट अनुभवपत्र जोडणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

पैसे देऊन पुढे जाता येतं का, हा प्रश्न प्रत्येकजण शेवटी विचारतोच. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसात तशी खिडकीच नाही. मी माझ्या वेळेला एका एजंटाला "फाईल एस्कलेट करतो" म्हणून चाळीस हजार दिले होते, त्यानी काय केलं तर होम अफेअर्सच्या साध्या चौकशी फॉर्मवर चार ओळी लिहिल्या, ते मला दोन वर्षांनी कळलं. त्यामुळे आतून सेटिंग आहे म्हणणारा दिसला की उठून चालू लागा, आणि एजंट करायचाच असेल तर तो ओएमएआरए, म्हणजे एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आहे का ते साईटवर नाव टाकून बघा.

ब्रिटनमध्ये मात्र खिडकी उघडी आहे, शिर्डीच्या पासासारखी. साध्या रांगेत बाहेरून अर्ज केला तर तीन आठवडे सांगतात, ५०० पौंड जास्त भरले की पाच कामाचे दिवस, १,००० भरले की पुढच्या कामाच्या दिवशी, जिथे ती सोय आहे तिथे. पण पास दर्शन लवकर घडवतो, नवस फेडून देत नाही. नकार यायचा असेल तर तोही लवकर येतो आणि पैसे गेले.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचं प्रीमियम प्रोसेसिंग १५ कामाच्या दिवसांत उत्तर देतं, फक्त कंपनीनी केलेल्या अर्जाला, पिटिशनला हां. लॉटरीत नाव लागणं, मुंबईच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट, ग्रीन कार्डची तारीख, यातलं काहीही त्यानी हलत नाही. ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्के अशी मर्यादा आहे आणि आपण भारतीय इतके आहोत की तिथे पंगत नाही, पिढ्या बसतात.

जर्मनी जरा वेगळी आहे आणि सध्या महाराष्ट्रात तिचीच हवा आहे, २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनी बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर जास्तच. तिथे १ मार्च २०२० पासून फास्ट ट्रॅक आहे, फी ४११ युरो, पण अर्ज तुम्ही करायचा नाही, तुमच्या वतीनी मालकानी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात करायचा. मग सगळ्यांना घड्याळ लागतं. डिग्रीची मान्यता दोन महिन्यांत, रोजगार खात्यानी आठवड्यात उत्तर दिलं नाही तर होकार धरतात, आणि मग व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत, निकाल पुढच्या तीन आठवड्यांत. नर्स किंवा तंत्रज्ञ असाल, जिथे मान्यतेचं झंझट आहे, तर मालकाच्या मागे लागून हे करून घ्या. इंजिनियर असाल, डिग्री त्यांच्या अनाबिन या परदेशी डिग्र्यांच्या यादीत व्यवस्थित असेल आणि ब्लू कार्डाला (उच्चशिक्षितांचा व्हिसा) लागणारा पगार बसत असेल तर मी ते ४११ कशाला घालवू असं म्हणीन. भाषा मात्र आधी, जर्मनची बी-वन पातळी नसताना फास्ट ट्रॅक मागणाऱ्या नर्सेस मला भेटल्यात.

कॅनडाचं एकच सांगतो. तिथे आता फ्रेंच बोलता येणारे, आरोग्यवाले, कारागीर अशा गटांना वेगळे ड्रॉ काढून बोलावतात, तिथल्या राज्यानी निवडलं तर ६०० पॉइंट्स जास्त, आणि नोकरीच्या ऑफरचे पॉइंट्स २५ मार्च २०२५ ला काढून टाकले. पण शेवटच्या पंगतीत बसून राहण्याचा धोका काय असतो ते कॅनडानीच २०१२ मध्ये दाखवलं. २७ फेब्रुवारी २००८ च्या आधी आलेले आणि २०१२ पर्यंत निकाल न लागलेले फेडरल स्किल्ड वर्करचे अर्ज त्यांनी कायदा करून रद्दच केले, कुटुंबं धरून सुमारे २,८०,००० माणसं. फी परत दिली. म्हणून खालच्या पंगतीत असलात तर एकाच देशाकडे डोळे लावून घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं टांगून ठेवू नका.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. १८९, आयटी, पुण्यातून अर्ज, म्हणजे परमनंटवाल्यांच्या चौथ्या गटात. तो जरा शांत झाला. मग म्हटलं आता तुझ्या फाईलमध्ये काय काय लावलंयस ते वाचून दाखव. वाचता वाचता पोलीस क्लिअरन्सवर आला, भारताचं आहे म्हणाला, बायकोचंही आहे.

"आणि डॅलसचं?"

"ते तर प्रोजेक्टवर गेलो होतो मामा, राहिलो कुठे."

"किती दिवस होतास?"

गप्प. मग हळूच, "चौदा महिने."

सकाळी उठून बोटांचे ठसे द्यायला गेलाय. ते कार्ड एफबीआयला जाईल, उत्तर येईल, मग अपलोड. नर्सबाईंचा विषय त्यानी परत काढलेला नाही.